पाइपचं दुसरं टोक

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो: मी बरा आहे, घर जागेवर आहे, नोकरीही आहे. दर रविवारी फोन होतो, तरी पत्र का, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू स्पीकर लावतेस, शेजारी बाबा असतात, चिंगी "मामा, मामा" करत फोन हिसकावते आणि मला जे सांगायचं असतं ते "बाकी काय, ठीक" एवढ्यावर आटोपतं. शिवाय तुझ्यासमोर माझी बोबडी वळते, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. लिहिताना निदान खोडता येतं. हा तिसरा कागद आहे. आधीचे दोन खाडाखोडीने इतके काळे झाले की मलाच वाचवेनात. शाळा नववीत सुटली तरी मी काम करतो त्या रबरी शिक्क्यांच्या दुकानात एक वेलांटी चुकली की अख्खं रबर वाया जातं, त्यामुळे शब्द तपासून लिहायची सवय लागली आहे. तुला चुका काढायला जागा ठेवणार नाही. निदान शुद्धलेखनाच्या तरी.

गेले तीन शनिवार मी एक यंत्र बघत हिंडतो आहे. त्याला स्प्रे बूथ म्हणतात. पुढून उघडं असलेलं एक खोकं, मागच्या बाजूला जाड गाळणी, गाळणीमागे पंखा आणि पंख्याला जोडलेला, हाताएवढा जाड, चुण्या पडलेला पाइप. खोक्यात वस्तू ठेवून रंग फवारायचा. जो वस्तूवर बसत नाही तो पंखा ओढून घेतो आणि पाइप बाहेर नेऊन सोडतो. घरात छंद म्हणून एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन, चालवणारे लोक हे वापरतात. बाजारात तीन तऱ्हा आहेत. पहिल्यात पाइपच नसतो. हवा कोळशाच्या गाळणीतून जाऊन पुन्हा खोलीतच येते. दुकानदार म्हणाला, "सुटसुटीत आहे, कपाटात मावतं." मी विचारलं, गाळणी भरली हे कळणार कसं? तो म्हणाला, "वास यायला लागला की कळतं." म्हणजे आपल्या नाकाला कळेपर्यंत दुसऱ्या कुणाच्या छातीत गेलेलं असणार. ते मी बाजूला ठेवलं. दुसऱ्यात पाइप आहे, पण पंख्याची मोटर नेमकी हवेच्या वाटेत आहे. रंग पातळ करायच्या थिनरची वाफ आणि मोटरची ठिणगी यांची गाठ पडू नये, हे गॅरेजमध्ये वाढलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. तिसऱ्यात मोटर बाहेरच्या अंगाला आहे, पंखा पिंपासारखा गोल आहे आणि लांब पाइप लावला तरी ओढ टिकते. मी खिशातून सुतळीचा तुकडा काढला, पेटवून विझवला आणि तिचा धूर आधी खोक्याच्या तोंडाशी धरला. मग ती तिथेच ठेवून दुकानाबाहेर गेलो आणि पाइपच्या दुसऱ्या टोकाशी उभा राहिलो, धूर किती येतो, कुठे जातो, खाली बसतो की वर चढतो ते बघत. असं पाच वेळा केलं. दुकानदार वैतागला. "अहो, यंत्र घ्यायला आलाय की माझ्यावर खटला भरायला?" म्हणाला. मी हसलो. पण ताई, पाइपचं दुसरं टोक मी का बघत होतो, ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं. तुला सांगायचं आहे.

इथे तू कागद खाली ठेवून म्हणशील, "या मुलाने रंगाचा नाद सोडला होता ना?" बरोबर आहे. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या छातीचं निदान झालं तेव्हा तू दवाखान्याच्या पायऱ्यांवरच दोन हुकूम सोडलेस. बाबांची सिगारेट बंद आणि बारक्याचं फुसफुस घराबाहेर. बाबांनी खिशातलं पाकीट तुझ्या हातात दिलं. मी मान डोलावली. तुझं काहीच चुकलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या रंगवून त्यांच्या छातीची चाळण झाली होती. तोंडाला फडकं बांधून काम करायचे, तेही मालक बघत असेल तेव्हाच. आई गेल्यापासून या घरातली काळजी करायचं खातं तुझ्याकडेच आहे आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलीस तरी ते तू सोडलं नाहीस.

मी दीड वर्ष खरंच काही केलं नाही. एअरब्रश तेल लावून डब्यात ठेवला होता. पण माझ्या त्या छोट्या गाड्या अर्ध्याच राहिल्या होत्या. तू त्यांना खेळणी म्हणतेस. त्या खेळणी नव्हेत, किंवा नुसती खेळणी नव्हेत. बाबांनी आयुष्यात ज्या ज्या गाड्या रंगवल्या, त्यातल्या त्यांना आठवतील तेवढ्या मी पंजाएवढ्या आकारात करत होतो. दुधाची पांढरी गाडी, जिच्या दारावर निळा पट्टा होता. एका डॉक्टरीण बाईंची शेवाळी मोटार. एक शाळेची बस, जी त्यांनी दोनदा रंगवली, कारण पहिला पिवळा त्यांना स्वतःलाच पटला नव्हता. मी विचारायचो आणि ते डोळे मिटून सांगायचे. कामावरून घरी बसवलेल्या माणसाला दुसरं काय विचारायचं असतं? गोळी घेतली का, जेवलात का, एवढंच. गाड्यांबद्दल विचारलं की ते ताठ बसायचे.

म्हणून मी पुन्हा सुरू केलं आणि तुला सांगितलं नाही. बाबांनाही सांगितलं नाही. प्लास्टिकच्या मोठ्या डब्याला मागे भोक पाडून त्यात स्वयंपाकघरातला जुना एक्झॉस्ट फॅन बसवला आणि पाइप जोडला. पाइप रस्त्याकडच्या खिडकीतून काढला असता, पण समोरच्या गच्चीत त्या काकू कपडे वाळत घालतात. त्यांच्या चादरीवर लाल ठिपके पडले असते तर तुझ्यापर्यंत बातमी एका दिवसात पोचली असती. म्हणून पाइप मागे नेला, मोरीशेजारच्या डक्टमध्ये सोडला. तीच ती दोन भिंतींमधली उभी पोकळी, जिच्यात सगळ्या मजल्यांचे सांडपाण्याचे पाइप उतरतात आणि जिच्यात लहानपणी तू माझा बूट टाकला होतास. त्या दिवशीही मी सुतळी पेटवून तपासलं. खोक्याच्या तोंडाशी धूर धरला की सगळा आत जात होता, एक धागाही खोलीत येत नव्हता. मी वहीत तारीख घालून लिहिलं, 'ओढ उत्तम'. तोंडाला गाळणीच्या दोन डब्यांचा चांगला मास्क घेतला. बाबा दुपारी दोन ते चार झोपायचे. त्याच वेळात आमचं दुकानही बंद असतं, तेव्हा दार लावून मी फवारायचो. स्वतःवर खूश होतो. इतकी काळजी कुणी घेतली नसती, असं मला वाटायचं.

बाबांपासून ते लपलं असं मी समजलो, हा माझा आणखी एक मूर्खपणा. तयार झालेली शाळेची बस मी फळीवर ठेवली आणि म्हणालो, कुंचल्याने केली. त्यांनी ती उचलली, दिव्याखाली तिरकी धरली, कडेने डोळा लावून तिच्या टपावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "हो का? चांगला आहे हो तुझा कुंचला. एक केस सुद्धा उमटत नाही." बस्स, एवढंच. पुढच्या शनिवारी माझ्या टेबलावर पुठ्ठ्याच्या तुकड्यांचा एक गठ्ठा होता. सगळे एका मापाचे, कडा ब्लेडने कापलेल्या. ते कशाचे असायचे हे तुला माहीत नसणार, कारण तू गॅरेजमध्ये कधी आली नाहीस. रंग मिसळला की बाबा तो आधी पुठ्ठ्यावर मारायचे, वाळवायचे, गाडीच्या पत्र्याला लावून बघायचे आणि मागे प्रमाण लिहायचे. विकतचा पुठ्ठा त्यांनी कधी वापरला नाही. सिगारेटचं पाकीट उलगडलं की आतून पांढरं, गुळगुळीत आणि नेमक्या जाडीचं असतं. कोपऱ्यावरचा दुकानदार त्यांच्यासाठी रिकामी पाकिटं बाजूला ठेवायचा. सिगारेट सुटल्यावरही ते फिरून येताना ती घेऊन यायचे, उलगडायचे आणि सपाट व्हावीत म्हणून गादीखाली दाबून ठेवायचे.

हे वाचून तू थांबली असशील. थांब जरा, पण पुढे वाच.

त्या दुपारी मी अग्निशमनाच्या गाडीला लाल रंग देत होतो. लॅकर होतं, उग्र वासाचं आणि झटकन वाळणारं, वर त्यात जास्त थिनर घातलेलं. तिसरा थर चालू होता. एअरब्रशला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर आणि पंखा यांच्या आवाजात मला काहीतरी घासल्यासारखं ऐकू आलं. कॉम्प्रेसरचा पट्टा सैल झाला असेल असं वाटून मी वाकून तो बघितला. पूर्ण एक मिनिट मी तो पट्टा बघत होतो, ताई. मग पलीकडे पेला पडला. मी धावलो. बाबा पलंगाच्या कडेवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले आणि ओठ जांभळे. घासल्याचा आवाज त्यांच्या छातीतून येत होता. मी रुग्णवाहिकेला फोन केला, औषधाचा पंप त्यांच्या तोंडाशी धरला. त्यांनी पंप ओढला आणि पहिलं काय केलं असेल? माझ्या गळ्यात लोंबणारा मास्क ओढून काढला आणि उशीखाली सारला. जिना चढून माणसं आली तेव्हा माझ्या गळ्यात काही नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, घरात धूर, रंग, औषधफवारणी असं काही? तोंडावर प्राणवायूची नळी असताना त्यांनी स्वतःच मान हलवून नाही म्हटलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मीही नाही म्हटलं.

रात्री घरी जाऊन मी मास्क आणि सगळं सामान कपाटात लपवलं; पुढचं तुला माहीत आहे. तू रात्रभर प्रवास करून आलीस, दुसऱ्या दिवशी त्यांचे कपडे न्यायला घरी गेलीस आणि गादी उचललीस. सात पाकिटं. पाच उलगडलेली, दोन तशीच. तू ती दवाखान्यात आणून त्यांच्या पांघरुणावर टाकलीस. तू काय बोललीस ते मी इथे लिहीत नाही. तुझ्या जागी मी असतो तर तेच बोललो असतो. आई गेली तेव्हाही त्यांनी सोडली म्हणून सांगून लपून ओढली होती, तेव्हा विश्वास ठेवावा तरी कसा? बाबांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायच्या आधी कुठे ओघळ राहिलाय का ते बघतात ना, तसं. मग भिंतीकडे तोंड केलं. "पुठ्ठे आहेत ते" एवढं एक वाक्य होतं. त्यांनी ते म्हटलं नाही, कारण तुझा पुढचा प्रश्न असता, कशाला लागतात पुठ्ठे आता? आणि मी दाराशी उभा होतो. मलाही ते वाक्य येत होतं.

तू त्यांना तिथूनच तुझ्या घरी नेलंस. चार महिने झाले. बाहेरच्या खोलीत त्यांची खाट, फिरून आले की तू त्यांच्या सदऱ्याचा वास घेतेस, चिंगीला त्यांच्या मांडीवर बसू देत नाहीस. "खोटं बोलणाऱ्या माणसाच्या धुरात माझी पोर वाढणार नाही," असं तू मला फोनवर म्हणालीस आणि मी म्हणालो, बरोबर आहे तुझं. ते वाक्य मला रोज ऐकू येतं. तुझं नाही, माझं.

गेल्या महिन्यात मी त्यांची खोली धुवायला काढली. डक्टकडे उघडणारी ती काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी तुला आठवत असेल. तिच्यावरचा पडदा काढला तर खिडकी दिसेना. सगळ्या पट्ट्यांवर वर्तमानपत्र लावलं होतं आणि चारी कडांना मास्किंग टेप. गाडीच्या काचेवर रंग उडू नये म्हणून बाबा जसं झाकायचे तसंच, कोपरा काटकोनात, एकही सुरकुती नाही. टेपचं शेवटचं टोक आत दुमडलेलं. ते नेहमी सांगायचे, टोक दुमडून ठेवावं, सोडवणाऱ्याचे हाल होऊ नयेत. वर्तमानपत्रावरची तारीख त्यांचा श्वास कोंडला त्या दुपारच्या आधी साडेतीन आठवड्यांची होती. वरच्या कोपऱ्यात डक्टच्या ओलीने टेप सुटला होता, चार बोटं रुंद.

मी बाहेरच्या खोलीत डबा पुन्हा जोडून पंखा लावला, सुतळी पेटवून खोक्याच्या तोंडाशी ठेवली आणि परत येऊन बाबांच्या पलंगावर बसलो. थोड्या वेळाने त्या सुटलेल्या कोपऱ्यातून धूर आत येऊ लागला. अगदी बारीक, सरळ उशीच्या दिशेने. नंतर गच्चीवर जाऊन बघितलं. कबुतरं येतात म्हणून डक्टच्या तोंडावर कुणीतरी पत्रा ठोकला आहे. हवा वर जायला वाटच नाही. पंख्याने ओढलेलं सगळं मी भिंतीपलीकडे त्यांच्या अंगावर सोडत होतो. त्यांनी ते ओळखलं होतं. अठ्ठावीस वर्षं थिनर हुंगलेल्या नाकाला ओळखायला किती वेळ लागणार? मला थांब म्हणाले असते तर मी त्याच क्षणी थांबलो असतो. ते म्हणाले नाहीत. उन्हाळ्याच्या दुपारी त्यांनी आपली एकुलती एक खिडकी झाकून घेतली, म्हणजे मला गाड्या करता याव्यात. याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. ओढ उत्तम, असं मी वहीत लिहिलं होतं.

आता यंत्राचं. घरात बसवायचं म्हणूनच बघायला निघालो होतो, रस्त्याकडच्या खिडकीतून पाइप काढून, नुसते पाण्याचे रंग वापरून. पण परवा त्या तिसऱ्या यंत्राचं माहितीपत्रक घेऊन इथल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ते पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "यंत्र चांगलं आहे. तुमच्यासाठी. वडील त्या घरात राहणार असतील तर कोणतंही यंत्र लावून फवारायचं नाही, पाण्याचा रंग असला तरी." मग मी आमच्या शिक्क्यांच्या दुकानाच्या मालकांना विचारलं. दुकानाच्या माळ्यावर मागच्या मोकळ्या मैदानाकडे खिडकी आहे, आसपास कुणी राहत नाही. ते म्हणाले, "रंगव लेका, पण माझ्या टकलावर थेंब पडला तर तुझा शिक्का करून ठेवीन." म्हणून तेच यंत्र माळ्यासाठी सांगितलं आहे. घरातला डबा मोडला, पंखा भंगारात दिला. बाबांच्या खिडकीवरचा कागद मात्र काढताना हात थांबले. शेवटी दुमडलेलं टोक धरून ओढलं. एका ओढीत निघाला.

हे पत्र आजच लिहितो आहे, कारण या रविवारी तू फोनवर जवळजवळ आनंदाने म्हणालीस, "शेवटी कबूल केलं बाबांनी. चोरून ओढत होतो म्हणाले, माफ कर म्हणाले. मी पण विषय संपवला, चिंगीला दिली त्यांच्याजवळ." मागे चिंगीचं हसणं ऐकू येत होतं. मी गप्प बसलो असतो तर सगळं नीट पार पडलं असतं, आणि बाबांना तेच हवं आहे. पण पुढच्या आठवड्यात गुरुवारी तू त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे नेणार आहेस आणि तिथे तू सांगशील की हे अजूनही ओढत होते. तसं सांगू नकोस. लॅकर आणि थिनरची वाफ, बंद खोलीत, आठवड्यातून तीन-चार दुपारी, साडेतीन आठवडे, आणि त्याआधी काही दिवस उघड्या खिडकीतून, असं सांग. वेगळ्या कागदावर रंगांची नावं आणि तारखा लिहून जोडल्या आहेत. तो कागद डॉक्टरांना दे. आणि तू विचारायच्या आधीच सांगतो, दोन वर्षांत बाबांनी एकही सिगारेट ओढली नाही. रविवारी त्यांनी तुझ्याकडे जी माफी मागितली, ती माझी होती. ती मीच मागायला हवी होती, चार महिन्यांपूर्वी, त्या दाराशी. आता मागतो आहे.

तुझाच,
अजूनही तुझ्यासमोर नीट बोलता न येणारा,
बारक्या